‘दुसरं काम’ कुठलं?

काम परदेशात पाठवण्याची बाजू घेणाऱ्या तुमच्या लेखात म्हटलंय, काम परदेशात गेलं की वस्तू स्वस्त होतात आणि कामगार दुसरं काम शिकतो. मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात १९ वर्षं टूलरूमला, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागात होतो. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि काही वर्षांतच आमचे मोल्ड (साचे) तिकडून तयार येऊ लागले. आधी नवे, मग दुरुस्तीसुद्धा तिकडेच. आमच्या हातात व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे कागद.

आमचे फिटर नाना मोल्डला प्रशियन ब्लू हा निळा रंग लावायचे, दोन्ही भाग टेकवून उघडायचे, आणि जिथे डाग उठलाय तेवढंच घासायचे. शतांश मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. आज ते गंगापूर रोडला एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. पंचेचाळिशीनंतर ‘दुसरं काम’ मिळतं ते हे, तेही ठेकेदारामार्फत.

अमेरिकेतली कॉल सेंटरं पुण्यात आली तेव्हा आपण पेढे वाटले. तिकडेही कुणाची तरी रोजीरोटी गेलीच ना! माल स्वस्त झाला, मान्य. पण सातपूरच्या आयटीआयमधून निघणाऱ्या पोरांना नानांचं हे काम आता कोण शिकवणार, याबद्दल लेखात एक ओळ नाही.