थिनरने मीठ जात नाही : पत्रे रंगवण्याआधीच्या तयारीवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि कामातल्या माणसाने लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. गाडीचा पत्रा रंगवण्याआधी पाण्याने धुवायला सांगणं म्हणजे कोकणात गंजाला आमंत्रण, थिनर किंवा पेट्रोलचा बोळा फिरवला की पुरे. भाग टांगायला स्टँड आणि आकडे हा मोठ्या वर्कशॉपचा थाट, तारेला लटकवूनही रंग होतो. नवीन मडगार्डवरचं काळं कोटिंग ठेवू नये, पत्रा चकचकीत केल्याशिवाय रंग धरत नाही. आणि काहीही केलं तरी दुसऱ्या पावसाळ्यात फोड येणारच, समुद्राकाठी हे चालायचंच.

या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही, आणि बाकीच्या आक्षेपांची उत्तरंही त्यातूनच निघतात. फोड येतात ते बहुतेक वेळा रंगाखाली राहून गेलेल्या मिठामुळे. रंगाचा थर कितीही चांगला असला तरी त्यातून पाण्याची वाफ थोडी थोडी आत जातेच. खाली पत्रा स्वच्छ असेल तर ती आली तशी निघूनही जाते. खाली मिठाचे कण असतील तर ते ही वाफ ओढून घेतात, खारं पाणी साचतं, ते आणखी पाणी खेचतं आणि थर उचलला जातो. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की आपोआप पाझरायला लागतं. वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत किनाऱ्यावरच्या रात्री वर्षातला बराच काळ याहून दमट असतात.

हे मीठ थिनरने जात नाही, कारण ते थिनरमध्ये विरघळतच नाही. पेट्रोलमध्येही नाही. बोळ्याने ते फक्त इकडून तिकडे पसरतं. तेल, ग्रीस, मेण काढायचं काम थिनरसारख्या द्रवाचं आणि मीठ काढायचं काम पाण्याचं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. त्यातून पेट्रोलचा स्वतःचा तेलकट अंश मागे राहतो, आणि बंद शेडमध्ये त्याची वाफ पेटण्याचा धोका आहे तो वेगळाच. कडक थिनर जुन्या रंगाला मऊ करतं आणि प्लॅस्टिकला बारीक तडे पाडतं. म्हणून डीग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारा द्रव घ्या. तो लावायला एक कापड आणि सुकायच्या आत पुसायला दुसरं कोरडं कापड. एकच कापड घेऊन घासत बसलं की तेल पुन्हा तिथेच बसतं.

आता धुण्याबद्दल. पॉलिश पेपर लावण्याच्या आधी धुवायचं, हा क्रम मोडू नका. आधी घासलं तर मेण, सिलिकॉन आणि मीठ पेपरच्या ओरखड्यांत दाबलं जातं आणि मग ते काढणं कठीण होतं. पाच लिटर पाण्यात झाकणभर कार शॅम्पू पुरे. भांडी घासायचं लिक्विड टाळलेलं बरं. त्यात घट्टपणासाठी अनेकदा मीठच घातलेलं असतं. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पहिलं धुणं त्यात चालेल, पण शेवटची दोन धुणी गोड्या पाण्याचीच हवीत. एका मडगार्डला प्रत्येक वेळी चार-पाच लिटर पाणी लागतं, जास्त नाही. शेवटचं पाणी ओतल्यावर पत्र्याकडे नीट पाहा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. पाणी फाटून थेंब-थेंब झालं तर तिथे अजून तेल आहे.

पाण्याने गंज येतो हे तुमचं म्हणणं उघड्या पत्र्यापुरतं खरं आहे, आणि कोकणात तर तासा-दोन तासांत पत्रा पिवळसर दिसायला लागतो. उपाय मात्र धुणं टाळणं हा नाही. धुतल्याबरोबर हवेने फुंकून, कापडाने टिपून, हॉट एअर गनने किंवा हॅलोजन दिव्याखाली भाग सुकवायचा. वरचा पिवळेपणा 180 च्या पेपरने (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक) काढायचा आणि त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर मारायचा. रात्रभर उघडा ठेवायचा नाही.

जुन्या गंजाच्या खड्ड्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि बहुतेक काम इथेच फसतं. 80 च्या पेपरने घासल्यावर खड्डा राखाडी आणि साफ दिसतो, पण मीठ त्याच्या तळाशी असतं. ओळखायचं असं : घासलेल्या जागी गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा आणि अर्धा तास थांबा. बाकीचा पत्रा जवळपास तसाच असताना खड्ड्याच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा काळा किंवा तपकिरी ठिपका उमटला, तर तिथे मीठ शिल्लक आहे. त्या जागी गरम पाणी आणि ताठ ब्रशने घासा, सुकवा, पुन्हा फवारा मारा. ठिपका येणं थांबेपर्यंत हेच करत राहा. गंज बदलणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रव वापरत असाल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे ते धुऊन काढा. सुकलेल्या ॲसिडवर इपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून उघड्या पत्र्यावर मारायचा प्रायमर) नीट धरत नाही.

काळ्या कोटिंगचा मुद्दा. कंपनीच्या नवीन पत्र्याच्या भागावर येतं ते बहुधा विजेच्या साहाय्याने चढवलेलं प्रायमर असतं. भाग पूर्ण द्रवात बुडवून विजेने बसवल्यामुळे ते घडीच्या आत आणि भोकांच्या कडांवरही पोचतं, जिथे आपली स्प्रे गन कधीच पोचत नाही. ते काढून पत्रा चकचकीत करणं म्हणजे सगळ्यात चांगलं संरक्षण फेकून देणं. रंगाला धरायला ओरखडे लागतात, चमक लागत नाही. 320 ते 400 चा पेपर किंवा करडा स्कॉचब्राइट (घासायचा जाळीदार पॅड) एकसारखा फिरवून तकाकी घालवा. कुठे पत्रा उघडा पडलाच तर तेवढ्यावर इपॉक्सी. एक सवलत मात्र देतो : स्वस्तातल्या भागांवर कधी कधी नुसता काळा रंग मारलेला असतो. लपणाऱ्या जागी थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर तुमचंच बरोबर, तो सगळा काढायलाच हवा.

पुट्टीबद्दल एकच सांगतो : पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. ती कोरडीच घासा. वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा पेपर, लावायचा तो प्रायमर सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा जाड प्रायमर) चढल्यावर. बेस कोटच्या, म्हणजे मूळ रंगाच्या थराच्या आधी 600 ते 800 चा पेपर ओला.

प्लॅस्टिकच्या भागांवर मागच्या बाजूला खूण कोरलेली असते ती वाचा. ती प्लॅस्टिकचा प्रकार सांगते. एबीएस (ABS) असेल तर रंग सहज धरतो. पीपी (PP, पॉलिप्रॉपिलीन) असेल, जसे बहुतेक गाड्यांचे बंपर, तर उघड्या प्लॅस्टिकवर आधी ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाची पकड वाढवणारा द्रव हवा. तो नसेल तर रंग छान दिसेल आणि पहिल्या घासटीला सालपटासारखा निघेल. इथे पेपरचा जोर कामाला येत नाही.

आता तुमची तार. तार वाईट नाही, एकच तार वाईट आहे. एका टोकाने लटकलेला मडगार्ड गनच्या हवेने फिरतो, गन आणि पत्र्यातलं अंतर बदलतं. 15 ते 20 सेंटीमीटरवर रंग नीट बसत असेल तर 10 वर ओघळ येतो आणि 30 वर कोरडी धूळ बसते. मेटॅलिक रंगात तर छटाच बदलते : ओला बसलेला थर गडद, कोरडा बसलेला फिकट. म्हणून वरून दोन आणि खालून एक असे तीन आधार द्या, आणि भाग गाडीवर ज्या कोनात बसतो साधारण त्याच कोनात टांगा. टाकी, मडगार्ड आणि बाजूची पॅनेल एकाच वेळी, एकाच उंचीवर.

थाटाचा प्रश्न नाही. दोन घडवंच्यांवर आडवा पाइप टाकला तरी झालं. आकड्यासाठी 3 ते 4 मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार घ्या आणि ती बोल्टच्या अशा भोकात अडकवा जे नंतर वॉशरखाली झाकलं जाईल. तार कडेला टेकली तर तिथे रंग लागत नाही, आणि इथल्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो, म्हणून कड 180 च्या पेपरने किंचित गोल करून घ्या आणि पहिला हात आतली बाजू, भोकं आणि कडांवर मारा. मोठा सपाट भाग त्यानंतर. टांगण्याआधी खालच्या दुमडीत हवा मारून पाहा. सुकलेल्या वाटणाऱ्या भागातूनही तिथून पाण्याची बारीक रेघ बाहेर येते. ती रंग मारताना आली तर बेस कोटमधून थेट खाली उतरते. पाणी निघायची भोकं टेपने बंद केली असतील तर शेवटी आठवणीने मोकळी करा.

जिथे रंग नको तिथेही तयारी लागते. आट्यांच्या भोकात जुने बोल्ट फिरवून ठेवा. चाकाचे नट बसतात ती जागा, बेअरिंगची बैठक, अर्थिंगचा बिंदू हे सगळं टेपने झाका. नटाखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो दाबाखाली बसतो, पकड ढिली होते आणि चाक सैल होऊ शकतं. हा सुरक्षेचा मुद्दा आहे.

वेळेचं म्हणाल, तर अडचण खरी आहे. गणपतीच्या आधी सगळ्यांना गाडी चकचकीत हवी असते आणि नेमका तोच काळ दमट. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) किमान 3 अंश सेल्सियस वर असलं पाहिजे. 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेला दवबिंदू सुमारे 27.2 येतो, म्हणजे हवेइतक्याच गरम पत्र्यावर काम सुरू करण्याइतकं अंतर उरत नाही. तेच 60 टक्क्यांना तो 21.4 असतो. शिवाय थिनर उडताना पत्रा आणखी थंड होतो, आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते ती यामुळेच. भाग हॅलोजनने थोडा गरम करून घ्या, मंद म्हणजे सावकाश उडणारं थिनर वापरा, दर कामाआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा. उघडीप असेल तर सकाळचं दव उडाल्यावर आणि दुपारचा खारा वारा सुटण्याआधी जो वेळ मिळतो तो वापरा. प्रायमर चढलेला भाग चार दिवस झाकून ठेवलेला परवडतो, पण पुढचा थर मारायची डब्यावरची मुदत उलटली तर पुन्हा पेपर लावा.

शेडमध्ये जांभ्याची लाल धूळ असेल तर जमीन आदल्या संध्याकाळीच धुऊन घ्या. ऐन वेळी पाणी मारून आर्द्रता वाढवू नका. आणि हार्डनरवाल्या, म्हणजे घट्ट करणारं द्रव मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, आणि त्याने जडलेला दमा आयुष्यभर राहू शकतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क सर्वांत सुरक्षित.

तुमच्याकडे फोड आलेले भाग असतीलच. एक फोड ब्लेडने उघडून पाहा आणि खाली काय दिसतं ते इथे लिहा. पत्रा काळा-तपकिरी असेल तर मीठ पत्र्यावरच राहिलं होतं. प्रायमर शाबूत असून फक्त वरचा रंग उचललेला असेल तर दोष दोन थरांच्या मधल्या सफाईत आहे. पुट्टीच्या जागीच फोड असतील तर पुट्टीने पाणी प्यायलं होतं. भाग कुठला आणि फोड खालच्या कडेला की मध्यभागी, हेही कळवा.