धबधब्यावर बंदी, बर्फावर तास

जून सरत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. आधी सिंहगडावरच्या धुक्याचा व्हिडिओ, आणि मागोमाग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश: अमुक धरण, तमुक धबधबा, पर्यटकांना मनाई. मग जुंपते. मामेभाऊ म्हणतो, 'घालाच बंदी, आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही.' धाकटी बहीण ट्रेकवाली. ती म्हणते, 'चार हुल्लडबाजांपायी आमचा पावसाळा का बुडवता?' मी इथे स्वीडनमध्ये, उप्सालाला बसून हे वाचत असतो. त्या दिवसांत इथे रात्री दहालाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे झोप तशीही लांबलेलीच.

मामेभावाची भीती खोटी नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला, चार जण गेले. असं काही घडलं की कुठल्याही अधिकाऱ्याला आधी कागदावर मनाई लिहावीशी वाटणार.

पण मरण इथेही बाहेरच असतं. थंडीत तळी गोठतात, लोक त्यांवरून चालतात, लांबलांब स्केटिंग करत जातात आणि दर हिवाळ्यात काही जण बर्फ फुटून खाली जातात. तरी तळ्यावर सरसकट मनाई लागत नाही. काठावर जीवरक्षक कडी टांगलेली असते, कुठे 'बर्फ कच्चा' अशी पाटी असते, पुढची जबाबदारी तुमची. ती जबाबदारी पेलायला मात्र लहानपणीच शिकवतात. जमेल तिथल्या शाळा मुलांना तळ्यावर नेतात. बर्फात चौकोनी भोक पाडलेलं असतं. मुलांनी अंगावरच्या कपड्यांनिशी, कमरेला दोर बांधून, एकेकाने त्यात उतरायचं आणि गळ्यात अडकवलेले दोन टोकदार दांडे बर्फात खुपसत स्वतःला बाहेर ओढायचं. शिक्षक दोर धरून उभे, बाजूला घोंगड्या आणि गरम पेय. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा मी काठावर थांबलो होतो आणि माझेच दात वाजत होते. ती बाहेर आली ती बडबडतच: घट्ट, निळसर काळा बर्फ निदान दहा सेंटिमीटर हवा, एकटं जायचं नाही, आत गेलोच तर आलो त्याच दिशेला वळायचं. याशिवाय सहावीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, त्यातले पन्नास पाठीवर. हे अभ्यासक्रमातच आहे, गणितासारखं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इथे बाहेर जाणं म्हणजे सहल नव्हे. बालवाडीतली पोरं पावसात रबरी विजारी घालून चिखलात बसतात, आणि ओले कपडे वाळवायला दाराशीच गरम हवेचं कपाट असतं. डिसेंबरात पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुट्टीत तेवढ्यापुरती चालून येतात. मार्चमध्ये दक्षिणेकडच्या भिंतींना पाठ टेकून, डोळे मिटून, सगळे ऊन खात बसलेले. जुलैअखेर जंगलात ब्लूबेरी, ऑगस्टपासून पिवळी छत्री, म्हणजे रानातली अळंबी. ती कुठे उगवते हे इथली म्हातारी शेजारीण सख्ख्या सुनेलाही सांगत नाही. (आपल्याकडे शेवळं कुठे फुटतात हे ठाऊक असलेल्या आजीबाई तरी कुठे सांगतात!) पुढे मूसच्या, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीचे दिवस आले की जंगलात जाताना अंगात भडक नारिंगी बंडी. नोव्हेंबर मात्र भयाण असतो. त्याचं कौतुक करणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

या सगळ्याखाली एक हक्क आहे, आलेमान्सरेत्तेन. दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातूनही कुणीही चालावं, एखादी रात्र तंबू ठोकावा, फळं वेचावीत. घराच्या अंगणात आणि उभ्या पिकात शिरायचं नाही, गाडी घालायची नाही, त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही. १९९४ पासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. शिवाय समुद्र आणि तळ्यांच्या काठापासून साधारण शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, काठ सगळ्यांना मोकळा राहावा म्हणून. म्हणजे बंदी इथेही आहे, पण ती माणसाच्या पायांवर नाही, बिल्डरच्या सिमेंटवर आहे.

हे उचलून महाराष्ट्रात लावा असं मी म्हणणार नाही. इथे चौरस किलोमीटरला पंचवीसेक माणसं, महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ३६५. आणि या हक्काला काळी बाजूही आहे. त्याच्याच आधारावर कंपन्या उत्तरेकडच्या जंगलांत थायलंडहून आणलेल्या मजुरांकडून बेरी वेचून घेत आल्या आणि त्यांची पिळवणूक पार न्यायालयापर्यंत गेली.

तरीही मामेभावाचं शिस्तीचं बोलणं मला पटत नाही. ज्या पावसात भुशीवर मनाई लागते त्याच पावसात लाखो माणसं आळंदी-देहूहून पंढरपूरला चालत जातात. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग थांबतात. ही शिस्त कुठल्या आदेशाने आली नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालून, मोठ्यांबरोबर लहानांना नेऊन ती मुरली आहे.

भुशीवर रविवारी उसळते ती गर्दी वेगळी. सहा दिवस चार भिंतींत कोंडलेल्यांना पाऊस एकदाच भेटायचा असतो, तोही सगळ्यांना एकाच ठिकाणी. रोजचा पाऊस भेटेल अशी जागा घराजवळ ठेवलीय कुठे? पुण्यात महापालिकेच्या बऱ्याच बागांना दुपारी कुलूप असतं. टेकड्यांवर ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवलेत म्हणायचे, आणि वेताळ टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा घाट घालायचा. २०२३ मध्ये त्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले तेव्हा आमच्या ग्रुपवर मामेभाऊ लिहीत होता, 'टेकडी टेकडी काय करता, विकास नको का?' धबधब्यावर बंदी हवी म्हणणारा आणि टेकडीवर रस्ता हवा म्हणणारा माणूस एकच आहे, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. शेजारची टेकडी गेली की कोथरूडचं पोरगं पाऊस बघायला लोणावळ्यालाच जाणार, तेही पाण्याची काही ओळख नसताना. वर डोंगरावर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत ओढ्याचं रूप बदलतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार.

ते सांगणारी माणसं आहेत. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मुलं दर पावसाळ्यात अडकलेल्यांना सोडवतात, वाहून गेलेल्यांना शोधतात. पाणी कुठे ओढतं, शेवाळ कुठल्या दगडावर असतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणतं? जून लागताच अशा माणसांना मानधन देऊन शाळांत बोलवा, मुलांना ओढ्याकाठी नेऊन दाखवा, असं मी ग्रुपवर लिहिलं. मामेभावाचं उत्तर लगेच आलं: 'तुमच्याकडे शाळेला तळं असेल, आमच्याकडे शाळेला मैदान नाही.' मैदानाचं तो बोलला ते खरंच आहे. म्हणून तर टेकडी हवी. ओढे तिच्यावरूनही वाहतात, आणि कोथरूडहून तिथे जायला एसटी लागत नाही.