हिमयुग थंडीनं येत नाही

डिसेंबरात परभणीचा पारा घसरला की 'हिमयुग येतंय'च्या पोस्टी फिरू लागतात. गणित नेमकं उलटं आहे. हिमयुगाला कडक हिवाळा लागत नाही, मवाळ उन्हाळा लागतो. ६५ अंश उत्तर अक्षांशावर बर्फ दर हिवाळ्यात पडतोच. जून-जुलैत तो सगळा वितळतो का, एवढाच प्रश्न. उरला, तर ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत ऊन परत पाठवतो आणि पुढच्या वर्षी वितळणं आणखी अवघड होतं. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्रॉलनं १९व्या शतकात हिमयुगाचं कारण म्हणून हिवाळ्यावर बोट ठेवलं होतं. नंतर सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविचनं उन्हाळ्याचा हिशेब मांडला आणि तोच टिकला.

म्हणून उन्हाच्या वार्षिक सरासरीवरून तापमान काढणारं मॉडेल इथं कुचकामी. पृथ्वी सध्या सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते. ११ हजार वर्षांपूर्वी जूनच्या आसपास असायची. या बदलानं एखाद्या ठिकाणाचं वर्षभराचं ऊन तसूभरही कमी-जास्त होत नाही, ऋतूंमधली वाटणी तेवढी बदलते. हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. सरासरी गाठली, पण ऑगस्टात तीन आठवडे खंड पडला, तर सोयाबीनला त्या सरासरीचं काय करायचं?

हा उन्हाचा हिशेब एक्सेलमध्ये करून बघा. ३६५ ओळी, दर दिवशी सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचा कोन), सूर्याचं अंतर आणि दिवसाची लांबी. सौरस्थिरांक, म्हणजे पृथ्वीपर्यंत पोचणारं ऊन, चौरस मीटरला १३६१ वॅट. ६५ अंशांवर २१ जूनला दिवसभराची सरासरी ४७८ वॅटच्या आसपास यायला हवी. ४९४ आली, तर कक्षा वर्तुळ धरलीय. भलतंच काही आलं तर आधी अंशांचे रेडियन केले का ते बघा. निम्म्या चुका तिथंच असतात. ७० अंशांवर जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, तिथं दिवसाची लांबी काढणारं ACOS हे सूत्र चूक दाखवतं, म्हणून आतली किंमत -१ आणि १ मध्ये अडकवा. आता सूर्याजवळचा दिवस जूनमध्ये सरकवा: ४७८ चे थेट ५१० होतात.

या उन्हावरून तापमान काढताना समुद्रासाठी ५० मीटर पाणी धरा, म्हणजे चौरस मीटरला अंशामागे सुमारे २१ कोटी ज्यूल. असं पाणी जुळवून घ्यायला तीनेक वर्षं घेतं, त्यामुळे मॉडेलची पहिली १५ वर्षं फेकून द्या. जमिनीला दोन-तीन मीटर पाण्याएवढी उष्णताधारकता पुरते. दोन्हींना एकच आकडा देणं ही नेहमीची चूक, मग ऋतूंचा चढउतार कुठलाच बरोबर येत नाही.

आणि एवढ्यानं हिमयुग उभं राहणार नाही. हिमयुगाच्या थंड काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १९०) आसपास होता, उद्योगांआधी २८०. तो रकाना वेगळा जोडावा लागतो.