आठ तासांची ड्युटी म्हणे फोर्डने दिली

काल रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला. पोरगं चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे, बारा-बारा तास उभं राहून पाय सुजवून येतं, आणि मेसेज काय तर म्हणे आठ तासांची ड्युटी आणि आठवड्याला दोन सुट्ट्या युनियनने नाही, हेन्री फोर्डने कामगारांवरच्या प्रेमापोटी दिल्या, युनियनवाल्यांनी नुसते संप केले, आणि कारखान्यातली लहान मुलंसुद्धा मालकांनीच आपणहून घरी पाठवली. खाली लिहिलंय, "मावशी, खरंय ना हे?" नाही रे बाबा. आणि तूच पाठवलंस म्हणून जास्त लागलं.

आधी आठ तासांचं घे. १ मे १८८६ ला अमेरिकेत लाखो कामगार याच मागणीसाठी संपावर गेले तेव्हा फोर्ड बावीस वर्षांचा पोरगा होता, त्याची पहिली गाडी यायला अजून दहा वर्षं होती. ४ मेला शिकागोत हेमार्केटच्या सभेत बॉम्ब पडला, तो कुणी टाकला हे आजपर्यंत कळलेलं नाही, तरी पुढच्या वर्षी चार जणांना फासावर चढवलं. पुढे १८९८ मध्ये कोळसा खाणीतल्या बऱ्याच कामगारांनी युनियनच्या जोरावर आठ तास मिळवले. फोर्डचा नंबर लागला १९१४ मध्ये.

आता फोर्डने केलं ते केलं, ते मी नाकारत नाही. नऊचे आठ तास, आणि जिथे अडीच डॉलरही मिळत नव्हते तिथे दिवसाला पाच डॉलर, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९२६ मध्ये पाच दिवसांचा आठवडाही केला. पण प्रेमापोटी? असेंब्ली लाइनवर दिवसभर तोच एक बोल्ट आवळून माणसं इतकी कंटाळायची की सोडूनच जायची, १९१३ मध्ये जेमतेम चौदा हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात बावन्न हजारांच्या वर भरती करावी लागली. आणि पाच डॉलर सरसकट नव्हतेच, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि तो मिळायला कंपनीचा माणूस तुझ्या घरी येणार, घर स्वच्छ आहे का, दारू पितोस का, शिल्लक किती टाकतोस, बायकोशी नीट लग्न झालंय का, घरात भाडेकरू ठेवलेत का, सगळं वहीत लिहून नेणार. पास झालास तर पैसे. बायकांना तर सुरुवातीला यात धरलंच नव्हतं.

माझं ऐकू नकोस, फोर्डचंच ऐक. १९२२ च्या आत्मचरित्रात तो स्वतः सांगतो की यात दानधर्माचा काही संबंध नव्हता, आणि आठ तासांना पाच डॉलर देणं ही खर्च कमी करायची आमची एक सगळ्यात उत्तम चाल होती. त्याला स्वतःला जे म्हणायची लाज वाटली नाही ते झाकायला हे फॉरवर्डवाले का धडपडतात?

आणि याच प्रेमळ मालकाच्या रूज कारखान्याच्या गेटवर २६ मे १९३७ ला युनियनची पत्रकं वाटायला आलेल्यांना कंपनीच्या माणसांनी फोटोग्राफरांसमोर बडवलं, बायकांनाही सोडलं नाही. युनियनला मान्यता मिळाली १९४१ मध्ये, तीही संपानंतर.

लहान मुलांचं तर धादांत खोटं आहे. अमेरिकेतला १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा तिथल्या दक्षिणेकडच्या गिरणीमालकांनी मागे राहून कोर्टात लढवला आणि १९१८ मध्ये तो रद्द झाला. पुढे १९३८ चा कायदा आला तेव्हा कुठे बंदी टिकली, आणि आठवड्याच्या चाळीस तासांची हद्दही त्याच कायद्यातून आली, त्याच्यावर काम झालं तर दीडपट पैसे.

आपल्याकडेही १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडेंनी कामगार गोळा करून वर्षानुवर्षं मागितल्यावर. तेव्हा बाळा, ज्या ग्रुपवरून हे आलं तिथे फोर्डचं ते खर्च कमी करण्याचं वाक्य आजच टाक, आणि तुला बारा तासांतल्या वरच्या तासांचे किती मिळतात ते स्लिप बघून मला सांग.