खेळातल्या कुत्र्याला कांदाही बाधू द्या

लहान मुलांना पाळीव प्राण्यांची निगा शिकवणारा संगणकीय खेळ विद्यार्थ्यांचा एक गट तयार करीत असल्याचे लेखात वाचून आनंद झाला. परंतु वाटी भरली की प्राणी खूश, एवढ्यावरच हा खेळ थांबू नये असे वाटते. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या तामागोची या आभासी पाळीव प्राण्याच्या खेळण्यात दुर्लक्ष झाले की प्राणी दगावत असे, मात्र त्याने काय खाऊ नये हे त्या अंड्याएवढ्या खेळण्यातून उमगत नसे.

आपल्या घरांत नेमके तेच सांगण्याची गरज आहे. कांदा-लसणाची आमटी कालवलेली पोळी कुत्र्यापुढे प्रेमाने ठेवली जाते आणि कांद्यामुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होऊ शकतात, याची ठेवणाऱ्याला कल्पनाही नसते. चॉकलेट आणि द्राक्षेही त्याला घातकच. (अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, हे मलाही फार उशिरा कळले.) मुंबईच्या मे महिन्यातील दमट उकाड्यात कुत्रा आपल्यासारखा घामाने निवत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, हेही एखाद्या टप्प्यात सहज दाखवता येईल.

प्राणी चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जाण्याचा टप्पा मात्र कृपया वगळू नये. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांकडून मजकूर तपासून घेता आला तर उत्तमच, आणि खेळ मराठीतही यावा.