सत्तरी आली की स्टिअरिंग सोडायचं?

एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि सायकलवरून चाललेल्या मायलेकी गेल्या. सध्या फिरत असलेला एक लांबलचक मेसेज याच घटनेने सुरू होतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: म्हातारपणी प्रतिक्रिया मंदावते, दर किलोमीटरमागे अपघाती मृत्यू वृद्ध चालकांचेच जास्त, तरुण बेफाम असले तरी चपळ असतात; तेव्हा सत्तरीला लायसन्स काढून घ्या, निदान प्रत्येकाची परीक्षा तरी घ्या.

घटना खरी आहे. पुढची विधानंही धादांत खोटी नाहीत, अर्धवट आहेत. म्हणूनच ती एकेक करून तपासावी लागतात.

‘प्रतिक्रिया मंदावते, म्हणून धोका वाढतो.’

मंदावते, यात वाद नाही. पण त्याची किंमत किती, ते मोजून बघू. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत वयस्कर चालकाला दीड सेकंद लागला असं धरा. तेवढ्यात गाडी २५ मीटर गेली. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर आणखी सुमारे २० मीटर. एकूण ४५. आता चपळ तरुण घ्या. त्याला एकच सेकंद लागतो, पण काटा ८० वर आहे. त्या सेकंदात २२ मीटर, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला ३५, कारण वेग वाढला की ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. एकूण ५७. अर्ध्या सेकंदाची चपळाई जास्तीच्या वीसने गिळली, वर बारा मीटर जास्तच लागले.

शिवाय ब्रेक मारायची वेळ येण्याआधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे एक ट्रक उभा आहे, त्याच्या आडून कोणी रस्त्यावर येऊ शकतं. अशा जागा सिम्युलेटरमध्ये उभ्या करून चालकांची नजर कुठे जाते हे अमेरिकेत तपासलं गेलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ट्रकच्या कडेकडे नजर टाकण्यात साठ ते पंचाहत्तर वयाचे चालक सोळा-सतरा वर्षांच्या नवशिक्यांच्या पुढे होते. नवशिक्याची नजर बॉनेटच्या जरा पुढे खिळलेली असते आणि आरशांकडे कमी जाते, हे तर १९७०च्या दशकापासून माहीत आहे. ज्याने ट्रक पाहूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, त्याची प्रतिक्रिया किती वेगवान होती हे मोजायची वेळच येत नाही.

‘दर किलोमीटरमागे मृत्यू वृद्ध चालकांचेच जास्त.’

मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि सगळ्यात फसवाही. मृत्यूचा आकडा दोन गोष्टींतून बनतो: अपघात किती झाले, आणि झालेल्या अपघातात माणूस वाचला की नाही. समोरासमोर धडक झाली, सीटबेल्टने छाती आवळली. पंचविशीतल्या चालकाला काळानिळा पट्टा उमटतो आणि आठवडाभर शिंकताना दुखतं. ऐंशीच्या माणसाच्या बरगड्या मोडतात, दुखण्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. धडक तीच, पण नोंद एका रकान्यात ‘किरकोळ जखमी’ आणि दुसऱ्यात ‘मृत’. अमेरिकेतल्या आकडेवारीवर २००३ मध्ये झालेल्या विश्लेषणात वृद्ध चालकांच्या जादा मृत्युदराचा ६० ते ९५ टक्के भाग शरीराच्या या नाजूकपणाचा निघाला. नेमका किती, ते वयोगट आणि स्त्री-पुरुष यांवर अवलंबून होतं. जास्त अपघात करण्याचा वाटा उरलेला. म्हणजे हा आकडा मुख्यतः सांगतो की म्हातारपणी गाडीत बसणं स्वतःच्याच जिवावर बेतू शकतं. मेसेज मात्र त्याचा अर्थ ‘हे लोक इतरांना मारतात’ असा लावतो.

‘दर किलोमीटर’ या भागाकारातही मेख आहे. कमी गाडी चालवणारा कोणत्याही वयाचा असो, त्याचे किलोमीटर बहुतेक गल्लीबोळांचे आणि चौकांचे असतात; भरपूर चालवणाऱ्याचे बरेचसे मोकळ्या महामार्गावरचे, जिथे वळणं, पादचारी आणि समोरून येणाऱ्या गाड्या कमी. नेदरलँड्समधल्या चालकांची २००६ मध्ये अशी विभागणी केली, तेव्हा पंचाहत्तरीपुढच्यांपैकी वर्षाला ३,००० किलोमीटरपेक्षा जास्त चालवणारे इतर वयोगटांइतकेच सुरक्षित निघाले. वाढलेला धोका त्याहून कमी चालवणाऱ्यांतच दिसला. यावर आक्षेपही आहे: किलोमीटर चालकांनी स्वतः सांगितलेले होते, आणि असे अंदाज चुकतात. तो रास्त आहे. पण मग मेसेजमधल्या ‘दर किलोमीटर’लाही तो तितकाच लागू होतो.

‘तरुण निदान चपळ तरी असतात.’

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या चालकांचे दर मैलामागे प्राणघातक अपघात वीस आणि त्यापुढच्यांच्या जवळपास तिप्पट आहेत. मात्र ‘पोरं बेफाम’ हेही अर्धंच उत्तर. लायसन्स मिळाल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत वाईट असतात आणि मग अपघातांचं प्रमाण झपाट्याने उतरतं. सहा महिन्यांत कोणाचं वय किंवा स्वभाव एवढा बदलत नाही, हात बसतो. पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकणारेही सुरुवातीला चुकतातच.

शेजारच्या सीटवर कोण आहे, यानेही फरक पडतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सोळा-सतरा वर्षांच्या चालकाचा मृत्यूचा धोका गाडीतल्या प्रत्येक वाढत्या प्रवाशागणिक चढत गेला. तिशीपुढच्या चालकांत तसा चढ नव्हता. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली, १९९६ मध्ये फ्लोरिडाने. रात्री एकट्याने चालवायचं नाही, मित्रांना घेऊन फिरायचं नाही, असे त्यातले सुरुवातीचे निर्बंध या आकड्यांशी जुळणारे आहेत. वयावरचा नियम चालतो तो इथे, कारण तो थेट अननुभवावर बोट ठेवतो आणि काही महिन्यांनी सुटतो.

‘सत्तरीला सगळ्यांची परीक्षा घ्या.’

ऐकायला रास्त वाटतं, पण हे करून झालंय. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ मध्ये दोन्ही देशांची तुलना झाली तेव्हा वृद्ध चालकांच्या अपघातांत तपासणीचा फायदा काही दिसला नाही. फिनलंडमध्ये वेगळंच आढळलं: पायी किंवा सायकलवर असताना मरणाऱ्या वृद्धांचं प्रमाण स्वीडनपेक्षा जास्त होतं. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी स्मृती आणि आकलनाची चाचणी आणली, आणि २०१२ च्या अभ्यासात तिथेही तेच चित्र निघालं. चाचणीत नापास झालेले किंवा तिच्या धास्तीने लायसन्स सोडणारे आजोबा घरी बसत नाहीत. औषधं आणायची असतात, मित्राकडे जायचं असतं. पत्र्याच्या आतून निघून ते पत्र्याच्या बाहेर येतात, त्याच बरगड्या घेऊन.

अमेरिकेत तर सत्तरीतल्या चालकांचे मैलामागचे अपघात आता ३५ ते ५४ वयाच्या चालकांपेक्षा कमी झाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. गाड्या सुधारल्या आणि माणसं अधिक धडधाकट राहू लागली, ही त्याची संभाव्य कारणं.

मेसेज एका बाबतीत बरोबर आहे. ऐंशीच्या आसपास अपघातांचा वक्र पुन्हा वर वळतो, आणि सगळा भार नाजूक हाडांवर टाकता येत नाही. समोरची वाहतूक छेदून वळताना मोठं वय नडतं: येणारी गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे हे एकाच वेळी जोखायचं, सिग्नल बघायचा, पादचारी बघायचा, मान पुरेशी वळत नाही. स्मृतिभ्रंश सुरू झाला असेल तर गाडी थांबवावीच लागते. पण हे ओळखायला जन्मतारीख फारशी उपयोगी पडत नाही. रोजच्या रस्त्यावर चुकणं, बंपरवर कुठून आले ते न आठवणारे ओरखडे, हिरव्या सिग्नलला थांबणं, पॅडलवर चाचपडणारा पाय, ही लक्षणं शेजारी बसून अर्ध्या तासात दिसतात. झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारून कळतं.

आणि डोळे तपासून घ्यावेत. २००२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या चालकांचे पुढच्या काही वर्षांतले अपघात, मोतीबिंदू तसाच ठेवलेल्यांच्या तुलनेत निम्म्यावर होते.