आईंच्या सोनोग्राफीबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. नाश्ता झाला होता म्हणून पहिल्या दिवशी आईंना परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी दुखऱ्या जागीच प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) दाबला, आणि एवढं करूनही पित्तनलिकेतला खडा आमच्याकडे सापडला नाही, तो दुसरीकडे एमआरसीपीत, म्हणजे पित्ताच्या नळ्यांच्या एमआरआय तपासणीत, सापडला, ही तुमची तक्रार आहे. मशीन जुनं असावं, असंही तुम्ही लिहिलंय. सेंटर माझं आहे आणि आईंची तपासणीही मीच केली, म्हणून उत्तर मीच देते. पेशंटचे कागद मी इथे उघड करणार नाही. रिपोर्टमधलं जे तुम्ही स्वतः लिहिलंय, तेवढ्यावरच बोलते.

आधी उपाशीपोटी येण्याबद्दल. पोटात काही गेलं, त्यातही स्निग्ध पदार्थ, की पित्ताशय आकसतं आणि आतलं पित्त आतड्यात सोडतं. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते. उपाशी असताना ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते; त्याहून जाड दिसली तर सुजेची शंका येते. म्हणजे त्या दिवशी तपासलं असतं तर नसलेली सूज असल्यासारखी दिसली असती, किंवा बारीक खडे निसटले असते. वयस्कर बाईंना पुन्हा उपाशी यायला सांगताना मलाही वाईट वाटलं. पण तशा तपासणीवर मी सही करत नाही.

प्रोब दाबला, हे खरं आहे. पित्ताशय बरोबर प्रोबखाली घेऊन दाबल्यावर सगळ्यात जास्त तिथेच दुखलं आणि आत खडेही असले, तर पित्ताशयाला तीव्र सूज असण्याची शक्यता बरीच वाढते. याला मर्फी साइन म्हणतात. हे कुठल्याही फोटोत उमटत नाही, पेशंटकडूनच कळतं. डाव्या कुशीवर वळवलं तेही कारणानेच: खडा असेल तर जागा बदलतो, भिंतीला चिकटलेला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरची लहान गाठ, हलत नाही.

आता नळीतल्या खड्याबद्दल. पित्ताशय यकृताला चिकटून असतं, मध्ये हवा येत नाही. स्क्रीनवर पित्त काळं दिसतं, खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. पित्ताशयातले खडे शोधण्यात सोनोग्राफी इतकी चांगली आहे की शंभरात 95 च्या आसपास खडेवाले पेशंट तिच्यात सापडतात. सीटी स्कॅनमध्ये उलट कोलेस्टेरॉलचे बरेच खडे पित्तात मिसळून जातात, दिसतच नाहीत. पित्तनलिकेचं खालचं टोक मात्र लहान आतड्याच्या मागून स्वादुपिंडात शिरतं. आतड्यात वायू असतो आणि ध्वनिलहरी वायूच्या पलीकडे जात नाहीत, मशीन कितीही नवं असलं तरी. म्हणून तिथे खडा दिसला नाही, एवढ्यावरून खडा नाहीच असं मी कधीच लिहीत नाही.

तुम्हीच दिलेल्या ओळी अशा आहेत: पित्ताशयात खडे, पित्तनलिका रुंदावलेली, खालचा भाग वायूमुळे दिसत नाही, एमआरसीपी करावी. तुम्ही याला हात झटकणं म्हटलंय. मला ते मान्य नाही. पित्ताशयात खडे असताना नळी रुंदावलेली दिसली, तर खाली काहीतरी अडकल्याची शंका घ्यावीच लागते, आणि ज्या तपासणीत ते दिसतं तिचं नाव त्याच ओळीत आहे. एमआरसीपीत साचलेलं पित्त पांढरं उजळतं आणि खडा त्यात काळा ठिपका म्हणून उठून दिसतो. वायूचा तसा अडथळा येत नाही. मग थेट एमआरसीपीच का केली नाही? कारण पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणाऱ्या बहुतेकांचं निदान सोनोग्राफीतच होतं, त्यांना पुढे जावंच लागत नाही. आईंना जावं लागणार होतं, ते रिपोर्टने सांगितलं.

आणि हे वेळेत कळलं, याचं मला खरंच समाधान आहे. नळीतला खडा तसाच राहून नुसतं पित्ताशय काढलं असतं, तर पुढे कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज होण्याचा धोका राहिला असता. खडा निघेपर्यंत थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा पोटदुखी थांबेना, तर कृपया कुणाच्याही अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आमच्याही नाही. तडक हॉस्पिटल गाठा.

एमआरसीपीची सीडी घेऊन कधीही या. दोन्ही तपासण्यांचे फोटो शेजारी लावून तुम्हाला आणि आईंना मी स्वतः दाखवते.